पिकअपमधल्या टेपचे दिवे लागतात, पण आवाज येत नाही. नवीन टेप घ्यावा का?

आपण विचारले आहे की, कराडहून भाजीपाला वाहणाऱ्या आपल्या पिकअपमधला टेप महिनाभरापूर्वी वाजता वाजता मध्येच थांबू लागला, आता तर दिवे लागतात, गाणे पुढे सरकताना दिसते, पण दोन्ही दारांतल्या स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही, आणि दुकानदार मात्र नवीन टेप बसवा म्हणतो. माझे मत असे की, नवीन टेपचे पैसे तूर्त खिशातच राहू द्यावेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पोहोचवणारी माझीही एक पिकअप आहे, आणि नेमक्या याच लक्षणासाठी मी एकदा चांगला चालणारा टेप काढून टाकला होता. नवा टेप तिसऱ्या दिवशी तसाच गप्प झाला, तेव्हा कुठे दोष टेपमध्ये नसून दारात आहे हे माझ्या ध्यानात आले.

टेपला करंटच न मिळणे आणि टेप चालू असूनही गप्प राहणे, हे दोन अगदी वेगळे दोष आहेत. दिवेच लागत नसते, तर पाहण्यासारख्या तीनच वायरी असत्या: बाजारातून बसवलेल्या बहुतेक टेपना पिवळी वायर थेट बॅटरीकडून येते आणि तिच्यावर चावी काढल्यावरही १२ व्होल्ट मिळावे लागतात, लाल वायरीवर चावी फिरवल्यावर मिळावे लागतात, आणि काळी वायर बॉडीला अर्थिंगसाठी घट्ट बसलेली असावी लागते. त्यात टेपच्या पाठीमागचा छोटा फ्यूज आला, जो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तो उडाल्यावर काही जण सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतात. तसे कृपया करू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते. आपल्या गाडीत दिवे लागत आहेत, म्हणजे हा सारा भाग ठीक आहे असे धरून आपण पुढे जाऊ.

हत्यारे हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहावी, जी हास्यास्पद वाटेल. टेपमध्ये आवाज पुढच्या किंवा मागच्या स्पीकरकडे ढकलण्याची सोय असते, तिला फेडर म्हणतात. आपल्या केबिनमध्ये मागचे स्पीकरच नाहीत. तेव्हा बटणांशी खेळताना कोणी फेडर पूर्ण मागे सरकवला, तर टेप इमानेइतबारे वाजत राहतो आणि केबिनमध्ये संपूर्ण शांतता असते. काही टेपच्या मागे म्यूटची एक वेगळी वायर मोकळी सोडलेली असते, तीही बॉडीला टेकली की आवाज बंद होतो. या दोन्ही गोष्टी पाहायला पाच मिनिटे पुरतात.

आता मुख्य मुद्दा. आजकालच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर टेपचेच नियंत्रण असते. त्यांपैकी एकही वायर गाडीच्या बॉडीला टेकलेली चालत नाही. कुठेतरी एक वायर सोलून पत्र्याला लागली, की टेपमधला अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी आवाज बंद करतो, आणि तो एकाच बाजूचा बंद न करता बहुधा सगळाच करतो. त्यामुळे डाव्या दारातल्या एका वायरीसाठी उजवा स्पीकरही गप्प होतो, आणि दोन्ही बाजू एकदम गेल्या म्हणजे टेपच गेला, असा सरळ पण चुकीचा निष्कर्ष आपण काढतो. काही टेप अशा वेळी पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ असे दाखवतात, काही नुसतेच मुके राहतात. आपला टेप एकदम न जाता आधी महिनाभर अधूनमधून थांबत होता, हे याच दिशेला बोट दाखवते.

पिकअपमध्ये ही वायर सोलते कुठे, तर बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीपाशी. मोटारीचे दार दिवसातून चार-सहा वेळा उघडते; आपल्या गाडीचे दार प्रत्येक बाजारात, प्रत्येक वजनकाट्यावर आणि प्रत्येक चहाला उघडते आणि दणकन बंद होते. केबिन आणि दार यांच्या मध्ये एक काळी, सुरकुतलेली रबरी नळी असते, तिच्यातून स्पीकरच्या वायरी जातात आणि प्रत्येक वेळी त्याच एका जागी दुमडतात. माझ्या गाडीतली ही नळी मी मागे सारली, तेव्हा वरून धडधाकट दिसणाऱ्या वायरीचे प्लॅस्टिक दुमडीपाशी आडवे चिरलेले होते, आतली तांब्याची तार हिरवट पडली होती, आणि तिचे दोन-तीन केस पत्र्याच्या भोकाच्या कडेला घासून तेथे रंगावर एक चकचकीत ओरखडा उमटला होता. दार बंद असताना ते केस पत्र्याला टेकत आणि उघडल्यावर सुटत. म्हणूनच यार्डात दार उघडे टाकून बसलो की टेप चालू केल्यावर वाजायचा, आणि गाडी रस्त्याला लागली की गप्प व्हायचा.

आपण खात्री करून घ्यावी ती अशी. टेप बंद करून बाहेर ओढावा आणि त्याच्या पाठीमागचा कपलर, म्हणजे स्पीकरच्या वायरी टेपला जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, पूर्ण काढावा. एक जुना पण चांगला, चार ओहमचा स्पीकर दोन वायरींनी थेट टेपच्या पुढच्या डाव्या बाजूच्या जोडीला लावावा. ही जोडी साधारणपणे पांढरी आणि पांढऱ्यावर काळी रेघ असलेली असते, तर उजव्या बाजूची करड्या रंगाची असते. कंपनीकडूनच आलेल्या टेपचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून टेपवरचा कागद वाचावा. हा बाहेरचा स्पीकर वाजला, तर टेप निर्दोष आहे आणि दुकानदाराला नम्रपणे नकार देता येतो. फेडर आणि म्यूट तपासूनही तो दोन्ही जोड्यांवर वाजला नाही, तरच नव्या टेपचा विचार करावा.

त्यानंतर मल्टीमीटर ओहमवर ठेवून, टेपपासून सुटलेल्या कपलरच्या गाडीकडच्या बाजूला प्रत्येक जोडी मोजावी. चार ओहमचा धड स्पीकर मीटरवर साधारण तीन ते चारच्या दरम्यान दिसतो. काहीच दिसले नाही, तर वायर तुटली आहे किंवा स्पीकरची कॉइल गेली आहे. शून्याच्या आसपास दिसले, तर दोन वायरी एकमेकींना भिडल्या आहेत. मग मीटरची एक पिन बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर धरून दुसरी प्रत्येक वायरीला लावावी. येथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. हे मोजत असतानाच सोबतच्या माणसाला दार अगदी सावकाश उघडायला आणि मिटायला सांगावे, कारण स्थिर दारावर सारे बरोबर दिसते आणि दोष निसटतो. आकडा ज्या कोनात उडी मारेल, तेथेच दोष आहे.

गाडी जुनी असेल, तर आणखी एक शक्यता उरते. पूर्वी कोणी स्पीकरची उणे बाजू थेट बॉडीला जोडून एक वायर वाचवलेली असते. जुन्या साध्या टेपना ते चालत असे, नव्यांना चालत नाही. अशा वेळी दोन्ही स्पीकरना स्वतंत्र जोडवायर ओढावी लागते. तसेच २०१९ च्या महापुरात आमच्याकडे ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडी जुनी घेतलेली असल्यास तेही पाहावे.

दोष बिजागरीपाशी सापडला, तर तेथेच जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये. डाग (सोल्डर) दिलेला जोड कडक होतो, आणि दुमडीवर आला तर काही महिन्यांत त्याच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते. बारीक तारांची लवचीक वायर नळीतून आरपार घालावी, एक जोड केबिनमध्ये आणि एक दाराच्या आत येईल अशी ठेवावी, पत्र्याच्या भोकातली रबरी कडी निसटली असेल तर बसवावी, आणि दार पूर्ण उघडल्यावरही वायरीला ताण येणार नाही इतकी ढील सोडावी. दाराचे आतले कव्हर मात्र लगेच ठोकू नये. गाणे लावून दार दहा-पंधरा वेळा, हमाल आपटतात तितक्या जोरात, आपटून पाहावे आणि मगच स्क्रू आवळावेत.