गेम प्रोड्युसर व्हायचंय, पण कोडिंग येत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. तू साताऱ्याहून पुण्याला शिकायला आलीस, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पण त्यात मन लागत नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात प्रोड्युसर व्हायचंय, मात्र कोडिंग जेमतेम आणि चित्रकला अजिबात नाही. एका खासगी संस्थेने ‘गेम प्रॉडक्शन’चा वर्षभराचा कोर्स सुचवलाय, फी साडेचार लाख, आणि कॉलेज सोडून लगेच आलीस तर सवलत. बाबा म्हणतात, सरकारनेच गेमिंगवर बंदी घातली, मग त्यात पैसे कशाला घालायचे? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: ‘दोन वर्षं कॉलेजच्या एकांकिकेचं बॅकस्टेज मी सांभाळते.’

मला या शेवटच्या ओळीत सगळ्यात जास्त रस आहे. पण फीची मुदत जवळ आलीय, म्हणून आधी तेवढं सांगते: पैसे भरू नकोस आणि कॉलेज सोडू नकोस. प्रोड्युसरच्या हातात वीस-पंचवीस माणसांचं वेळापत्रक असतं. ते कुठलाही स्टुडिओ प्रमाणपत्र बघून नवख्या माणसाकडे सोपवत नाही. चार जणांना बरोबर घेऊन एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेलीस का, हे तिथे बघितलं जातं.

आता काम नेमकं काय असतं ते बघू. सिनेमाच्या निर्मात्यासारखे पैसे यात उभे करावे लागत नाहीत, ते बहुधा पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी घालते. प्रोड्युसरने त्या पैशांत, त्या मुदतीत, हाताशी असलेल्या माणसांकडून गेम पूर्ण करून घ्यायचा. समज, गेम बाजारात यायला चार महिने उरलेत आणि कोसळत्या पुलावरची एक लढाई अजून व्हायची आहे. प्रोग्रामर म्हणतो, ‘दोन दिवसांचं काम आहे.’ नवखा माणूस तक्त्यात दोन दिवस लिहून मोकळा होतो. अनुभवी प्रोड्युसर विचारत सुटतो. पूल कोसळतानाचं ॲनिमेशन कोण करणार? जिच्याकडे ते आहे ती तर पुढचे आठ दिवस दुसऱ्या लेव्हलमध्ये अडकलीय. आवाज कधी बसणार? टेस्टिंगला किती दिवस? पूल पडत असताना खेळणाऱ्याने गेम सेव्ह करून बंद केला, तर पुन्हा उघडल्यावर तो कुठे उभा असेल, पुलावर की हवेत? असं विचारता विचारता दोन दिवसांचे अडीच आठवडे होतात.

मग वाटा तीनच. तारीख पुढे ढकला, माणसं वाढवा, नाहीतर पूल न पाडता लढाई उरका. शेवटच्या टप्प्यात माणसं वाढवून फारसं साधत नाही, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. म्हणून बहुतेक वेळा पूल शाबूत राहतो. हे डिझायनरला सांगायचं प्रोड्युसरने. त्या डिझायनरने महिनाभर त्या पुलात जीव ओतलेला असतो. त्याला न दुखावता, पण काहीही गोलमाल न बोलता हे सांगता येणं, हे या कामातलं मोठं कौशल्य आहे.

गेम तयार झाला तरी सुटका नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डो अशा कन्सोलवर, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांवर, गेम आणायचा तर त्या कंपन्यांची तपासणी पार करावी लागते. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबून तसा संदेश यायला हवा, अशा बारीकसारीक अटींची लांबलचक यादी असते. तिथे नापास झालात की दुरुस्ती, पुन्हा सादर करणं, पुन्हा वाट बघणं. या दिवसांची तरतूद आधीच ठेवली नसेल तर जाहीर केलेली तारीख हुकते.

आणि खरी कसोटी वरच्यांना वाईट बातमी सांगताना लागते. ‘सायबरपंक २०७७’ या गेमचं उदाहरण बघ. २०२० मध्ये त्याची तारीख तीनदा पुढे गेली, डिसेंबरात तो आला, आणि जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालला की आठवडाभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. जास्त वेळ लागेल याचे इशारे मिळत होते, आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, असं गेम बनवणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांनी नंतर गुंतवणूकदारांपुढे मान्य केलं. म्हणजे ‘तयार नाही’ हे कुणीतरी वेळेवर म्हणत होतं. असं म्हणायचं धाडस आणि ते ऐकलं जाईल इतकी विश्वासार्हता, या दोन्ही गोष्टी कमवायला वर्षं लागतात.

बाबांच्या शंकेबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त दोन वेगळे धंदे एकत्र झालेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. तोच कायदा ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना मान्यता देतो. तू म्हणतेस तो उद्योग गेम बनवून विकण्याचा आहे आणि तो तुझ्या शहरात आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून. ब्रिटनच्या सुमो डिजिटल या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात आहे. घरोघरी खेळला गेलेला ‘लुडो किंग’ नवी मुंबईत तयार झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा गेम केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी २०२० मध्ये गेम बाजारात आणला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. ही माहिती बाबांना जरूर वाचायला दे.

पण त्यांच्यापासून दुसरी बाजूही लपवू नकोस. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करताहेत, असं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा इथल्या अनेकांना अभिमान वाटला होता. तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, आणि २०२६ च्या जानेवारीत प्रकल्पच रद्द झाला. वर्षानुवर्षं राबूनही गेम लोकांपर्यंत पोचत नाही, असं या क्षेत्रात घडतं. नोकरकपातही मोठी आहे. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातली १,९०० पदं कमी केली, पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. स्टुडिओ चालतात, बंद पडतात, माणसं गाव बदलतात. तुझ्या हातात पदवी असावी, असं मी म्हणते त्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण, पुढे परदेशातल्या स्टुडिओत जायचं झालं तर व्हिसाच्या वेळी पदवी बहुतेक ठिकाणी विचारली जाते.

शिरकाव कुठून होतो? सर्वांत ओळखीचं दार टेस्टिंगचं, म्हणजे क्यूएचं. तोच गेम शेकडो वेळा खेळायचा, चूक शोधायची आणि ती पुन्हा कशी घडवता येईल हे पायरीपायरीने लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण गेमचा प्रत्येक सांधा तिथे कळतो आणि प्रत्येक विभागाशी बोलावं लागतं. दुसरं दार प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरचं: बैठकांची टिपणं, कामांच्या याद्या, कोण कशासाठी अडलंय त्याचा पाठपुरावा. तिथून असोसिएट प्रोड्युसर, मग प्रोड्युसर. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो, ही तयारी ठेव. इंग्रजीत नेमकं लिहायची सवय कर. परदेशातल्या चमूशी बहुतेक काम लेखी चालतं, आणि संध्याकाळी उशिराचे कॉलही ठरलेले असतात.

आता तुझं बॅकस्टेज. एकांकिकेत ठरल्या मिनिटांत सेट लावायचा, प्रयोग वेळेत संपवायचा, लेखक-दिग्दर्शकाची भांडणं मिटवायची, प्रकाशयोजनेवर खर्च जास्त झाला तर नेपथ्यात हात आखडता घ्यायचा. हे तू दोन वर्षं करतेयस आणि त्याला अनुभवच समजत नाहीस! बायोडेटात ‘बॅकस्टेज सांभाळलं’ एवढंच लिहिलंस तर कुणाला काही कळणार नाही. किती माणसं होती, किती पैसे होते, तालमीच्या शेवटच्या आठवड्यात काय कापलं आणि का, ते लिही. मुलाखतीत तुला हेच विचारतील.

येत्या वर्षात एक छोटा गेम पुरा कर. एक कोड लिहिणारा, एक चित्रं काढणारा, एक आवाजाचं बघणारा आणि तू. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात गेम उघडून चालवण्याइतकं, कुठे काय बिघडलंय ते ओळखण्याइतकं तूही शिक. तेवढ्यापुरतं कोडिंग तुला टाळता येणार नाही. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, म्हणजे थोड्या दिवसांत गट करून गेम बनवायचा उपक्रम, त्यात नाव घाल. दहा मिनिटांचा गेम ठरवा, इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर टाकून अनोळखी लोकांकडून खेळवून घ्या. पहिल्या दिवशी केलेलं वेळापत्रक आणि प्रत्यक्षात लागलेला वेळ शेजारी शेजारी मांड, फरक का पडला ते दोन पानांत लिही. साडेचार लाखांच्या प्रमाणपत्रापेक्षा या दोन पानांना मी जास्त किंमत देईन.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मेकॅनिकलचाच विषय घे आणि गटाचं नियोजन स्वतःकडे माग. जॅममधला गेम झाला की त्याचा दुवा आणि ती दोन पानं मला पाठव. बायोडेटा आपण तेव्हा एकत्र बसून करू. बाबांनाही बरोबर घेऊन ये.