व्हायोलिन-पियानोवर रॅगटाइम : सुरुवात ‘द एन्टरटेनर’पासून करा

पहिला रॅग (रॅगटाइम या सिंकोपेशनवाल्या अमेरिकन पियानोशैलीतली रचना) म्हणून ‘मेपल लीफ रॅग’ नका घेऊ. तो ए फ्लॅट मेजरमध्ये आहे. त्या पट्टीत व्हायोलिनची फक्त ‘जी’ (G) ही तार मोकळी (बोट न ठेवता) सापडते, त्यामुळे सूर पडताळायला आधार मिळत नाही. अमेरिकन संगीतकार स्कॉट जॉप्लिनचा ‘द एन्टरटेनर’ (1902) सी मेजरमध्ये आहे, चारही मोकळ्या तारा कामी येतात.

त्याच्या छापील स्वरलिपीवर स्पष्ट सूचना आहे : जलद नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 मात्रांवर लावा, नीट बसलं की 72-76 पर्यंत न्या.

मुख्य धून डी, डी शार्प, ई अशी चढते. तिथे पहिलंच बोट सरकवलं तर सूर एकमेकांत मिसळतात. हात किंचित मागे घेऊन डी शार्पला पहिलं, ईला दुसरं बोट ठेवा. त्याच ओळीतला शेवटचा सी मात्रेच्या पाव हिस्सा आधी सुरू होतो आणि पुढच्या मात्रेवरून लांबतो. नवशिके हमखास त्या मात्रेवर गजाला दाब देतात आणि सिंकोपेशनच (मात्रेच्या आधी पडणारा जोर) मरतं. तिथे गज एकसारखा चालू द्या. मात्रा पियानोचा डावा हात दाखवेलच. सोळांशाच्या (पाव मात्रेच्या) नोटा सारख्याच ठेवा, जॅझसारखा एक लांब-एक आखूड असा झोल नको. गज मध्याजवळ, थोडाच वापरा.

पियानोवाल्यांना सांगा : पेडल जवळजवळ नको, आणि व्हायोलिन धून वाजवत असताना उजव्या हाताने तीच धून ठोकू नका, हलके कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पुरेत. पुनरावृत्तीत मात्र धून पियानोला द्या, व्हायोलिनने पिझिकातो (गजाऐवजी बोटाने तार छेडणं) धरावं. फार खुलतं!