ब्रेसेस आवळल्यावर दात दुखतात आणि गाल आतून सोलवटतो; घरी काय करावे?

तार आवळल्यावर दातांच्या मुळाभोवतीचे तंतू दाबले जाऊन तेथे सूज येते; ते दुखणे काही तासांत सुरू होते, साधारण २४ तासांनी सर्वाधिक जाणवते आणि बहुधा आठवडाभरात ओसरते. तोवर मऊ वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी खावी. चिक्की आणि ऊस मात्र ब्रेसेस निघेपर्यंत वर्ज्यच समजावेत, कारण त्यांनी ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निखळते.

गालाला टोचत असेल तर दंतवैद्यांनी दिलेले मेण हाच खरा उपाय आहे, आणि ते टिकत नाही अशी जी तक्रार अनेक जण करतात, तिचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की ओल्या ब्रॅकेटवर मेण नीट चिकटत नाही. म्हणून आधी स्वच्छ कापसाने जागा कोरडी करावी, मग वाटाण्याहून लहान गोळी बोटांत मळून दाबून बसवावी. चुकून गिळली गेली तरी सहसा अपाय होत नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. तोंड आले म्हणून हळद लावण्याचा मोह होतो, पण तिने ब्रॅकेटवरची रबरे पिवळी पडतात. तारेचे टोक बाहेर आले असल्यास ते स्वतः न कापता मेणाने झाकून दंतवैद्यांना दाखवावे.