व्हीआर सिम्युलेटर: वेळ घटली, तरी हात का चुकतो?

प्रश्न: मी जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या व्हीआर सिम्युलेटरवर (पडद्यावर आभासी शस्त्रक्रियेचा सराव देणाऱ्या यंत्रावर) दर रविवारी सलग तीन तास बसते. माझी वेळ निम्म्यावर आली, पण दुर्बिणीच्या खऱ्या शस्त्रक्रियेत हत्याराचं टोक भलतीकडेच जातं. काय चुकतंय?

उत्तर: पोटाच्या भिंतीतला ट्रोकार, म्हणजे हत्यार आत घालायची नळी, टेकूसारखा वागतो. मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जातं, मूठ दाबली की टोक वर येतं. त्यात हत्यार जेवढं आत, तेवढी टोकाची झेप मोठी. याची सवय सिम्युलेटरवर नक्की होते, पण तुम्ही घड्याळाशी शर्यत लावलीत. आधी चुकांचा आकडा बघा, मग टोकाने कापलेलं अंतर; वेळ सगळ्यात शेवटी. डाव्या हाताचे आकडे वेगळे काढा. पित्ताशय काढताना ते ताणून धरायचं काम त्याचं, आणि नवख्यांचा नेमका तोच हात भटकतो.

हुकचा, म्हणजे विजेवर टिश्यू कापणाऱ्या आकडीचा, सराव सावकाश करा. टिश्यूचा पातळ पदर हुकवर घ्या, उचला, हुकचं टोक पलीकडे दिसतंय ना ते बघा, मगच पेडल दाबा. पदर जाड घेतला तर तो सुटत नाही, हात जोर लावत राहतो, आणि अचानक सुटला की तापलेलं टोक यकृतावर नाहीतर ड्युओडेनमवर (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर) जाऊन आदळतं.

येल विद्यापीठातला २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्या कामाचा आहे. १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांनी सिम्युलेटरवर सराव केला, तोही तासांच्या हिशेबाने नव्हे, तर तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत. पुढे खऱ्या रुग्णांमध्ये पित्ताशय यकृतापासून सोडवताना सराव केलेले २९ टक्के जलद ठरले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती. आणि त्या यंत्राच्या पडद्यावर पित्ताशय नव्हतंच, नुसते गोळे आणि चौकटी होत्या! तेव्हा चित्र किती हुबेहूब आहे याच्या मागे लागू नका. रविवारचे तीन तास मात्र मोडा. आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास बसा.

प्रश्न: आमच्याकडे सिम्युलेटर नाही, साधा बॉक्स ट्रेनर (आत कॅमेरा असलेला, खऱ्या हत्यारांनी सराव करायचा डबा) आहे. चालेल का?

उत्तर: चालेल, आणि टाके शिकायला तर आम्ही बॉक्सच सुचवू. दोऱ्याचा खरा ताण बऱ्याच व्हीआर यंत्रांत हाताला नीट जाणवत नाही. अमेरिकेतल्या एफएलएस परीक्षेत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेत, हाताच्या कामाचे पाचही प्रकार बॉक्सवरच होतात. पहिल्यात सहा रिंगा एका हातातून दुसऱ्या हातात अधांतरी देत पलीकडच्या खुंट्यांवर न्यायच्या आणि परत आणायच्या. एकही रिंग नजरेआड न पाडता ४८ सेकंद, हे लक्ष्य ठेवा.

पोटाच्या आतच बांधायच्या गाठीच्या सरावासाठी दोरा १५ सेंमी घ्या. लांब दोऱ्याचे वेढे गुंततात. सुई दोऱ्याकडून एक तृतीयांशावर धरा. पहिला वेढा दुहेरी, पुढचे दोन एकेरी, प्रत्येक वेळी हात बदलून. गाठ वर ओढू नका, दोन्ही टोकं आडवी ताणा. नाहीतर ज्यावर टाका घालता तो ड्रेनचा (मऊ रबरी नळीचा) तुकडा बॉक्समधल्या ठोकळ्यावरून उपटून येतो.

प्रश्न: मला फक्त कॅमेरा धरायला देतात. सरावाने त्यात सुधारणा होते का?

उत्तर: होते. ३० अंशांच्या (तिरपं बघणाऱ्या) दुर्बिणीत कॅमेऱ्याचं डोकं सरळ ठेवायचं आणि फिरवायची ती फक्त लाइट केबल. केबल वर असेल तर नजर खाली जाते, केबल उजवीकडे नेली तर डावीकडे. डोकंही सोबत फिरलं की पडद्यावरचं यकृत तिरपं होतं, आणि सर्जनचे दोन्ही हात चुकायला लागतात.