‘आपल्यातलं कोण शास्त्रज्ञ झालंय?’

प्रश्न : मी सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहे, मंडळी विड्या वळतात. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ६८ टक्के पडले. तिच्या मॅडम पोर्शन सोडून शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगत बसतात. आता पोरगी संशोधन करायचं म्हणते. आपल्यातलं कोण शास्त्रज्ञ झालंय? कॉलेज सोडवून तलाठी भरतीचा क्लास लावू का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. मार्कांची काळजी नको. मला टोचलं ते तुमचं ‘आपल्यातलं कोण’. मला तुम्ही एकदाच विचारलंत, लेकीच्या कानावर ते रोज पडत असणार. हेच बाहेरचं कोणी तिला बोललं असतं, तर तुम्ही भांडायला उठला असता.

गोष्टी म्हणजे वेळ वाया, हा तुमचा गैरसमज आहे. मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या लहान दुकानदाराचे चिरंजीव. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीपायी त्यांना वेगळं जेवायला बसवत. १९२० साली त्यांनीच मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. समीकरणाबरोबर माणूसही सांगितला तर पोर्शन सुटला कुठे? कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, प्रवेश घेतला आणि १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. अर्थात, त्यांचे वडील रसायनशास्त्रच शिकलेले होते. तुमच्या घराला जवळचे साहाच. म्हणून तर एकाच साच्यातली माणसं दाखवून भागत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात अशा निरनिराळ्या शास्त्रज्ञांवर अभ्यासक्रमाला धरून गृहपाठ दिले, तेव्हा मुलांच्या मनातलं शास्त्रज्ञाचं चित्र बदललं, त्यांना त्यांच्यात आपल्यासारखं माणूस दिसू लागलं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. तुमच्या मॅडम तेच करताहेत. त्यांना भेटून आभार माना.

तलाठी भरतीलाही पदवी लागते, मग कॉलेज सोडवून काय साधणार? बीएस्सी, आयआयटी जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा), एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा नेहमीचा रस्ता. संशोधन म्हणजे वर्षानुवर्षं घरचं खात बसणं, असंही नाही. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीलाच महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. ती सगळ्यांना मिळत नाही, मेहनत कडक आहे, हे लेकीलाही स्पष्ट सांगा. नाहीच जमलं तर पदवी हातात आहे, भरती कुठे पळून जात नाही.

क्लासची फी भरू नका. ते पैसे जॅमच्या अर्जाला आणि पुस्तकांना ठेवा. आणि या आठवड्यात प्रॅक्टिकलला काय केलं, ते तिला विचारा. नाही समजलं तर पुन्हा विचारा.