क्रिएटिनिन वाढेल, हे आधी सांग

इंदूर

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

किडनीच्या औषधाच्या चाचणीवरचा तुझा थीसिसचा आराखडा वाचला. कष्ट दिसतात. पण औषधाचा गुण बघायला सगळीकडे एकटं क्रिएटिनिनच (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) धरलं आहेस, तिथे अडलो. क्रिएटिनिन 1.1 असेल तर 25 वर्षांच्या मुलाचा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा वय-लिंग धरून काढलेला अंदाज) 95 च्या आसपास निघतो, 72 वर्षांच्या आजींचा जेमतेम 53. लॅबच्या कागदावर मात्र दोघंही पुष्कळदा 'नॉर्मल'!

2009 ची ट्रीट चाचणी पुन्हा वाच. मधुमेह, किडनीविकार आणि ॲनिमिया असलेले 4,038 रुग्ण. डार्बेपोएटिन या रक्तवाढीच्या इंजेक्शननं हिमोग्लोबिन चढलं, पण मृत्यू टळले नाहीत की डायलिसिस. पक्षाघात मात्र जवळजवळ दुप्पट झाले. 2020 च्या डापा-सीकेडी चाचणीत नेमकं उलट. डापाग्लिफ्लोझिन ही किडनी जपणारी गोळी सुरू केल्यावर ईजीएफआर आधी थोडा घसरतो, म्हणजे क्रिएटिनिन वाढतं, मग घसरण मंदावते. ईजीएफआर निम्म्यावर येणं, किडनी पार निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू, यातलं काही ना काही गोळीवाल्यांपैकी 9.2 टक्क्यांना झालं, प्लासिबोवाल्यांपैकी (औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी) 14.5 टक्क्यांना. पहिल्या दोन आठवड्यांचे रिपोर्ट बघून निकाल दिला असता, तर इतकं गुणी औषध बाद झालं असतं.

आता चाचणीतल्या रुग्णांचं संमतीपत्र. आपल्या गावात तरी ते उरकायचं काम नाही. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या औषध-चाचण्यांबद्दलच्या 2012 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये संमतीचं चित्रीकरण करायला सांगितलं. चित्रीकरण झालं म्हणजे समजलं असं नव्हे, हे माझं मत. रामबागेतल्या काकू पहिल्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं बघतील, शेजारीण म्हणेल "गोळीनं किडनी गेली", आणि गोळी परस्पर बंद होईल. म्हणून आधीच सांग: "थोडं वाढेल, घाबरून गोळी सोडू नका, मला फोन करा. उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं, तर मात्र गोळी थांबवून लगेच कळवा."

डायलिसिसपर्यंत वाट बघणं तुझ्या मुदतीत बसणार नाही, कबूल. मग निदान लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की गळणारं प्रथिन) घे, ईजीएफआर तीन महिन्यांनी पुन्हा बघ, आणि मधेच सोडून गेलेल्यांनी का सोडलं याचा रकाना ठेव. तो कुणी भरत नाही.

संमतीपत्राचा नवा मसुदा आधी मला पाठवू नकोस. आईला वाचून दाखव. ती जिथे "म्हणजे काय गं?" विचारेल, ते वाक्य खोड.

तुझा,
काका