व्हॅनमध्ये मशीन मावतं, पण व्हॅनला पेलतं का?

या वेळी कार्पेट क्लीनिंगवाल्यांची बरीच पत्रं आलीत आणि बहुतेक जण एकाच जागी अडलेत, जड मशीनसाठी गाडी कुठली घ्यायची. सगळ्यात मोठा प्रश्न आधी घेतो.

प्रश्न: दादा, आत्तापर्यंत पोर्टेबल मशीनवर काम केलं, आता ट्रकमाउंट, म्हणजे व्हॅनमध्येच बसवून ठेवायचं मोठं मशीन, घ्यायचं नक्की केलंय. स्वतःचं इंजिन असलेलं स्लाइड-इन, वजन ४०० किलो, सोबत ४०० लिटरची चांगल्या पाण्याची टाकी आणि तेवढीच घाण पाण्याची. दोन व्हॅन बघितल्यात. छोटीच्या पट्टीवर एकूण वजन, म्हणजे भरलेली गाडी जास्तीत जास्त किती चालेल ते, २८०० किलो लिहिलंय, रिकामी १८५०. मोठी ३५०० ची, रिकामी २१००. छोटी गल्लीबोळातून सहज निघते, तेल कमी पिते आणि टेप लावून मोजलं तर सगळं आत बसतंय. विकणारा म्हणतो मावतंय तर मोठीचा हट्ट कशाला. काय करू?

उत्तर: मावतंय हे खरंच असेल, पण टेपने जागा कळते, वजन नाही कळत, आणि या धंद्यात गाडी जागेने कमी पडत नाही, वजनाने पडते. तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत, आता नुसती वजाबाकी करायचीय. छोटी २८०० वजा १८५०, म्हणजे ९५० किलो घेऊ शकते. मोठी १४००. या ९५० किंवा १४०० मध्ये सगळं आलं पाहिजे, तुम्ही स्वतःसुद्धा.

आता तुमचा माल मांडू. मशीन ४००. चांगलं पाणी ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, इथे काही सूट नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन्ही टाक्यांचं स्वतःचं वजन ६० धरू. होज आणि रील मिळून १२०, लांब होज वाटतात त्यापेक्षा बऱ्याच जड असतात. केमिकलचे कॅन ६०, वाँड (कार्पेटवर फिरवायची दांडी), कार्पेट वाळवायचा ब्लोअर, बाकीची हत्यारं १००, रॅक आणि केबिनमागचं पार्टिशन ६०, आणि दोन माणसं १५०. झाले १३५०. छोटी व्हॅन ४०० किलोने बाद, तिचा विचार सोडा. आणि मोठीतसुद्धा जेमतेम ५० किलो उरतात हे बघा, आणि हे घाण पाण्याची टाकी पूर्ण रिकामी आहे असं धरून.

इथेच बरेच जण फसतात. गाडीतल्याच टाकीतलं पाणी वापरलं तर ते एका टाकीतून जाऊन दुसरीत येतं, थोडं कार्पेटमध्ये राहतं, म्हणजे एकूण वजन फार बदलत नाही. पण गिऱ्हाइकाच्या नळाला होज जोडून काम केलं की चांगल्या पाण्याची टाकी भरलेलीच राहते आणि घाण पाण्याचीही भरते, मग निघताना तुमच्याकडे १३५० नाही, १७५० असतात. सकाळी गाडी बरोबर होती आणि दुपारी ओव्हरलोड, आणि गाडीत तर एकही वस्तू नवीन चढवलेली नाही. त्यामुळे हिशोब नेहमी दिवसातल्या सगळ्यात जड वेळेचा करायचा आणि घाण पाणी परवानगीच्या ठिकाणी ओतूनच रस्त्याला लागायचं.

माझं मत विचाराल तर पेलोडचा, म्हणजे गाडी जेवढा भार घेऊ शकते त्याचा, १५ टक्के भाग मोकळाच ठेवावा, कारण ब्रेक, टायर, बेअरिंग रोज मर्यादेच्या काठावर चालवायला केलेले नसतात आणि सामान तर वाढतच जातं. मोठीच्या १४०० मधून १५ टक्के काढले की राहतात ११९०. तेव्हा मोठी घ्या, पण ४०० ऐवजी २५० लिटरची टाकी बसवा, घाण पाणी ओतून निघालात तर हिशोब १२०० च्या आसपास येतो. मोठी टाकी घेऊन अर्धीच भरतो असं मात्र म्हणू नका, अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त हिंदकळते आणि वळणावर किंवा जोरात ब्रेक मारला की ते पाणी गाडीला ढकलतं. टाकी कुठलीही घ्या, आत आडवे पडदे असलेलीच घ्या. आणि ४०० लिटरशिवाय तुमचं भागतच नसेल तर ३५०० च्या वरच्या वर्गातली, मागे जोडचाकं असलेली गाडी बघा, फक्त आधी लायसन्सचं तपासा, कारण उदाहरणार्थ युरोपात साधं कारचं लायसन्स साधारणपणे ३५०० किलोपर्यंतच चालतं.

अजून एक, एकूण वजन बसलं म्हणजे सुटलो असं नाही. त्याच पट्टीवर पुढच्या आणि मागच्या एक्सलचे आकडे वेगळे लिहिलेले असतात, ती पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली सापडेल. समजा दोन एक्सलमधलं अंतर साडेतीन मीटर आहे आणि मशीन मागच्या दाराशी ठेवलं, त्याचा मध्य मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे आला. मग ४०० किलोच्या मशीनचे मागच्या एक्सलवर ४५७ किलो पडतात आणि पुढच्यावरचे ५७ उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची पकड कमी होते. फियाट ड्युकाटोसारखी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर जास्तच जाणवतं कारण ओढणारी चाकंच हलकी झाली, शेव्हरोले एक्सप्रेससारख्या रिअर व्हील ड्राइव्हमध्ये निदान जोर असलेल्या चाकांवर वजन राहतं. ड्युकाटो वाईट आहे असं नाही, तिची फरशी खाली असते आणि होज चढवाउतरवायला कंबर वाचते, पण तिच्यात जड माल पुढे सरकवूनच बसवायला हवा. पाण्याची टाकी दोन्ही एक्सलच्या मधे, मागच्या चाकांच्या जरा पुढे ठेवा. मशीन बाजूच्या दाराशी बसवलं तर वजन अजून चांगलं वाटलं जातं, फक्त मग गाडीच्या विरुद्ध बाजूला टाकी किंवा रील ठेवून डावं-उजवं सारखं करायचं आणि ते दार रस्त्याच्या कडेला उघडतं की रहदारीत हेही बघायचं, दिवसभर तिथेच उभं राहायचंय.

प्रश्न: माझी व्हॅन मशीन भरल्यावर मागून बसते. गॅरेजवाला म्हणतो जादा पाटे किंवा एअर बॅग टाकू, मग अजून ३०० किलो सहज चालतील. टाकू का?

उत्तर: टाका, पण ३०० किलोसाठी नाही. गाडी सरळ उभी राहील, हेडलाइट आकाशात जाणार नाही, डोलणं कमी होईल, एवढा फायदा नक्की आहे. पण पट्टीवरचा आकडा त्याने वाढत नाही कारण ब्रेक तेच, एक्सल तोच, बेअरिंग तेच, रिम तेच. उलट धोका असा की गाडी बसलेली दिसायची बंद होते आणि ओव्हरलोड डोळ्याला कळतच नाही.

टायर मात्र आजच बघा. साइजच्या पुढे ११२/११० असं काही लिहिलेलं असतं, पहिला आकडा एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १२१ म्हणजे १४५०, आणि हे त्या टायरला सांगितलेली पूर्ण हवा असेल तेव्हाच. व्हॅनवर साधे कारचे टायर चढवलेले असतील तर आधी ते काढा, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावं की स्लाइड-इन? माझ्याकडे डिझेल व्हॅन आधीच आहे.

उत्तर: डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हॅनचंच इंजिन मशीनचा पाणी ओढणारा ब्लोअर आणि पंप फिरवतं, वेगळं इंजिन नाही म्हणून वजन कमी, जागा जास्त. पण गाडी बिघडली की धंदा बंद आणि गाडी बदलली की मशीन तसंच्या तसं उचलून दुसऱ्या गाडीत ठेवता येत नाही. शिवाय प्रत्येक व्हॅनला त्याचं किट येत नाही, मॉडेल आणि वर्ष दोन्ही जुळावं लागतं, म्हणून आधी मशीनवाल्याकडून चालणाऱ्या गाड्यांची यादी लेखी घ्या आणि मग पुढचं बघा. तुमची डिझेल असल्यामुळे अजून एक अडचण, एक्झॉस्टमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, उभ्या गाडीत कमी लोडवर इंजिन तासनतास चाललं की त्यात काजळी साठते आणि ती जाळायला लागणारी गरमी मिळत नाही. तेव्हा तुमच्या इंजिनला हे काम चालेल का हे गाडीच्या कंपनीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्लाइड-इनचं इंजिन बहुतेक वेळा पेट्रोलवर चालतं. व्हॅन पेट्रोलची असेल तर तिच्याच टाकीतून लाइन घेतात, डिझेल असेल तर वेगळी पेट्रोलची टाकी लागेल, ती पक्की बसवलेली आणि तिचा वास-वाफ बाहेर जाणारी हवी. पेट्रोलचा कॅन तापलेल्या सायलेन्सरशेजारी ठेवून काम भागवणारे लोक आहेत, त्यांचं बघून तसं अजिबात करू नका.

प्रश्न: दादा, माझा मुलगा हेच काम करतो. मशीन व्हॅनमध्ये मागे आहे. थंडीत एक दार लोटून घेऊन काम करतात. संध्याकाळी घरी येतो तेव्हा डोकं दुखतं, मळमळतं म्हणतो, सुट्टीच्या दिवशी काही नसतं. दमल्यामुळे असेल का?

उत्तर: ताई, दमल्यामुळे आहे असं धरून बसू नका. कामाच्या दिवशी डोकेदुखी आणि मळमळ, सुट्टीला बरं, हे कार्बन मोनॉक्साइडचं लक्षण असू शकतं. या वायूला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतच नाही. त्याला डॉक्टरकडे न्या आणि इंजिनच्या धुरात काम करतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि गाडी तपासून होईपर्यंत ते मशीन चालू करू देऊ नका. काम करताना कधी चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर आधी मोकळ्या हवेत आणायचं आणि लगेच इमर्जन्सीला फोन करायचा.

तपासायचं काय तर मशीनच्या एक्झॉस्टचा पाइप फरशीतून खाली जाऊन गाडीच्या कडेबाहेर निघतो की मधेच गाडीखाली संपतो, कारण गाडीखाली सोडलेला धूर दारातून परत आत येतो. पाइपच्या जोडाला काळे डाग असतील तर तिथून गळतंय. फरशीला पाडलेल्या भोकांत रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) आहेत का आणि केबिन आणि माल यांच्यामधलं पार्टिशन बंदिस्त आहे का तेही बघायचं. केबिनमध्ये एक आणि मागे एक असे दोन कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. आणि इंजिन चालू असताना दारं पूर्ण उघडी, कितीही थंडी असली तरी. नवीन व्हॅन घेणाऱ्यांनीही हे वाचून ठेवा, पार्टिशन नसलेली गाडी घेतली तर ते बसवण्याचा खर्च आणि वजन दोन्ही हिशोबात धरा.

प्रश्न: मशीन बसवलेली जुनी व्हॅन मिळतेय, किलोमीटर फार कमी झालेत. काय बघू?

उत्तर: किलोमीटरवर जाऊ नका, डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर गाडी उभी राहून तासनतास चाललेली असते आणि ते किलोमीटरमध्ये दिसत नाही. तासांचं मीटर मागा, मशीनचंही आणि असेल तर इंजिनचंही.

मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा, हे काम विकणाऱ्यावर सोपवू नका. मशीन आणि टाकीचे बोल्ट फरशीतून आरपार आलेले दिसले पाहिजेत आणि खाली रुंद जाड प्लेट पाहिजे, जमलं तर चेसिसच्या आडव्या बीमला धरलेली. नुसता छोटा वॉशर असेल तर त्याच्याभोवतीचा पत्रा वर खेचला जाऊन वाकलेला दिसेल, रंगाला बारीक तडे, तड्यांत गंज. हे दिसलं तर समजा की जोरात ब्रेक मारला की ४०० किलोचं मशीन पत्रा फाडून ड्रायव्हरच्या पाठीवर येऊ शकतं. नुसते पत्र्याचे स्क्रू मारलेले असतील तर अजून वाईट. बोल्ट ब्रेकच्या पाइपाला किंवा पेट्रोल टाकीला घासून तर जात नाही ना तेही तिथेच कळेल. नंतर आतलं मॅट उचला, खाली ओल आणि गंज असेल तर टाकी किंवा होज बरेच दिवस गळतेय.

हे सगळं ठीक निघालं तर चांगल्या पाण्याची टाकी पूर्ण भरा, दोन माणसं बसवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. मागच्या एक्सलचा आकडा पट्टीवरच्यापेक्षा जास्त आला तर विकणाऱ्याला विचारा की मशीन पुढे सरकवून आणि टाकी बदलून देणार का, आणि तो नाही म्हणाला तर ती गाडी सोडा.